मालतीबाईंची किळस

सकाळी उठून फोन हातात घ्यावा तर आमच्या 'सखी' ग्रुपवर गुलाबाचं फूल आलेलं असतं. फुलाखाली लिहिलेलं असतं, 'रोज एक छोटंसं सत्कर्म करा, कुणाचं तरी आयुष्य उजळेल.' त्याखाली सगळ्या जणींचे जोडलेले हात. पाठवणारी बाई मला चांगली माहीत आहे. कामवालीला चहा देते तो कान तुटलेल्या कपात, आणि तो कप ठेवते संडासाच्या खिडकीत. असलं काही वाचलं की मला मळमळतं. बोलायची पद्धत म्हणून सांगत नाही, खरोखर पोटात ढवळतं. आणि मळमळ म्हटलं की मला मालतीबाई जोगळेकर आठवतात.

माझं बिबवेवाडीत साड्यांना फॉल-पिको करायचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक मशीन, एक स्टूल आणि मी, एवढं मावेल इतका गाळा. समोर भाजी मंडई. मंडईच्या कडेला सार्वजनिक स्वच्छतागृह. हे नाव ज्याने ठेवलं त्याला एकदा त्याच्या आत कोंडून बाहेरून कडी घालायला हवी होती. अर्थात तेव्हा कडी असती तर.

मालतीबाई पहिल्यांदा दुकानात आल्या तेव्हा मी त्यांना स्टूल पुढे केलं. त्यांनी पर्समधून रुमाल काढला, स्टूल पुसलं, तो रुमाल वेगळ्या पिशवीत टाकला, दुसरा रुमाल काढून स्टुलावर अंथरला आणि मग बसल्या. मी पाणी विचारलं तर पर्समधून स्वतःचं स्टीलचं फुलपात्र काढून माझ्यासमोर धरलं. मला असा राग आला म्हणून सांगू! पण साडीची घडी उलगडून त्या म्हणाल्या, "काठ जुना आहे, सुई बारीक लावा." अगदी बरोबर बोलल्या होत्या, त्यामुळे मी सुई बदलली.

त्यांचं आयुष्य टेलिफोनच्या ऑफिसात ऑपरेटर म्हणून गेलेलं. ट्रंक कॉलच्या जमान्यात लोकांच्या बोलण्यात मध्येच शिरून "झालं?" असं विचारायची सवय, ती निवृत्त झाल्यावरही सुटली नाही. तुम्ही नवऱ्याच्या दुखण्याबद्दल सांगत असा नाहीतर लेकीच्या बाळंतपणाबद्दल, दम घ्यायला थांबलात की त्या विचारणार, "झालं?" आणि चालू पडणार. लोक दुखावायचे. मीही दुखावले होते. मग लक्षात आलं, त्या तसं विचारेपर्यंत सगळं ऐकून घेतात. मधे एक शब्द बोलत नाहीत. असं ऐकून घेणारं माणूस आता कुठे मिळतं?

तर ही बाई जगातल्या यच्चयावत गोष्टींना नाक मुरडायची. रिक्षात बसताना सीटवर वर्तमानपत्र. हॉटेलात पाऊल नाही. लग्नाला गेल्या तरी बुफेच्या त्या सामायिक चमच्यांना हात लावायला नको म्हणून नुसता अहेर देऊन परत. विधवा बाई, मुलगी वारज्याला दिलेली, तळमजल्याच्या दोन खोल्यांत एकट्या राहायच्या, आणि घर असं की फरशीवर पीठ मळावं. घरातल्या संडास-बाथरूमला तर दुसऱ्या कुणाचा पाय लागलेला नव्हता. भाऊबीजेला सख्खा भाऊ चिंचवडहून आला, त्याने जरा जाऊन येतो म्हटलं, तर त्याला म्हणाल्या, "घरूनच जाऊन यायचं होतंस." हे त्यांनीच मला सांगितलं, आणि त्यात काही चुकलं असं त्यांच्या तोंडावर कुठेही दिसत नव्हतं.

मंडईत कोपऱ्यावर शेवंताबाई बसते. लोणी काळभोरहून पहाटेच्या टेम्पोने मेथी, शेपू, अंबाडी घेऊन येते आणि उन्हं कलल्यावर परत जाते. मालतीबाई पालेभाजी तिच्याकडूनच घ्यायच्या, आणि घेताना प्रत्येक जुडीचं मूळ बघून काहीतरी खोचक बोलायच्या. शेवंताबाई हसायची. त्या दिवशी ती हसली नाही. पोत्यावर अंगाची जुडी करून बसली होती आणि भर उन्हात कुडकुडत होती.

मालतीबाईंनी विचारलं काय झालं. मग सगळं बाहेर आलं. लघवीला आग, थंडी वाजून ताप, हे सारखंच. डॉक्टरांनी बजावलं होतं की भरपूर पाणी पी, पुन्हा हे झालं तर मूत्रपिंडावर जाईल, मग मंडई विसर. आणि ही बाई पहाटे घर सोडल्यापासून घरी जाईपर्यंत नुसते ओठ ओले करायची. तीच काय, मंडईतल्या सगळ्या बायका. पुरुषांचं काय हो, त्यांना भिंत पुरते. मालतीबाई म्हणाल्या, मग घरी बसून का राहत नाही? शेवंताबाई म्हणाली, "सून वाढंल की ताटात. आज वाढंल, उद्या आपटंल. हितं बसती तवर माजा शब्द चालतो घरात."

"मग पाणी प्या," मालतीबाई म्हणाल्या.

शेवंताबाईने नुसती हनुवटी उचलून स्वच्छतागृहाकडे दाखवलं.

मालतीबाई नाकाला पदर लावून तिकडे गेल्या. मी मशीन थांबवून बघत होते. आत गेल्या तशाच बाहेर आल्या आणि माझ्या दुकानासमोरच्या गटारीशी वाकून भडाभडा ओकल्या. मी तांब्या घेऊन धावले. तशाही अवस्थेत त्यांनी पर्समधून आपलं फुलपात्र काढलं. चूळ भरली, डोळे पुसले, स्वच्छतागृहाकडे एकवार बघितलं आणि म्हणाल्या, "शी." एवढंच. मेथी तिथेच विसरून घरी गेल्या.

मला वाटलं, आता ही बाई या बाजूला फिरकणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर यजमानांचा जुना रेनकोट, पायात गमबूट, कोपरापर्यंत रबरी हातमोजे, तोंडाला पंचा बांधलेला, एका हातात ॲसिडची बाटली आणि दुसऱ्यात लांब दांड्याचा ब्रश, अशा मालतीबाई माझ्या दारात. "अहो फॉलवाल्या बाई," त्या पंचातून म्हणाल्या, "तुमच्या नळाला पाइप लागतो का?" मी म्हटलं, लागतो. बस, माझा या सगळ्यातला भाग एवढाच. पाणी माझ्या नळाचं.

त्या आत गेल्या. मधे एकदा बाहेर येऊन ओकल्या. परत आत गेल्या. तासाभराने निघाल्या तेव्हा चेहरा पांढराफटक पडला होता. मला राहवलं नाही. मी म्हटलं, बाई, तुम्हाला एवढी शिसारी येते, मग हे कशाला? ज्याला काही वाटत नाही अशा कुणाला तरी सांगू. त्यावर त्या जे बोलल्या ते मी अजून विसरले नाही.

"ज्याला किळस येते त्यानेच साफ करायचं असतं. ज्याला येत नाही, त्याला घाण दिसतच नाही. झालं?"

मग रोज. पाऊस असो, ऊन असो, गणपती असोत. आपण पुस्तकात वाचतो ना, की हळूहळू सवय होते, मन मोठं होतं, वगैरे? तसलं काही झालं नाही. त्यांना शेवटपर्यंत रोज उमासे आले आणि रोज त्या आतून शिव्या घालत बाहेर आल्या. "यांच्यापेक्षा डुकरं बरी. डुकरं भिंतीवर थुंकत तरी नाहीत." बायकांच्या बाजूला त्यांनी दाराला कडी बसवून घेतली, पिशवी अडकवायला खुंटी ठोकून घेतली, आणि पाण्याचा मग साखळीने बांधून टाकला, कारण आधीचा चोरीला गेला होता. तो चोरणाऱ्याबद्दल त्या जे बोलल्या ते मला लिहवत नाही, आणि एरवी मी काही सोवळ्या जिभेची नाही.

बायका वापरायला लागल्या. मालतीबाई दाराशी उभ्या. आतून पाण्याचा आवाज नीट आला नाही तर बाहेरून हुकूम, "ओता. अजून ओता." कुणी उपकार मानायला गेलं तर अंगावर यायच्या, "आभार नकोत. पाणी ओता." बायका आधी घाबरल्या, मग चिडल्या, मग मागून त्यांची नक्कल करायला लागल्या. पण दिवाळीपर्यंत प्रत्येकीच्या टोपलीशी पाण्याची बाटली आली होती. शेवंताबाईची हिरवी, सरबताची होती ती. गिऱ्हाइकाशी बोलता बोलता ती गटगट पाणी प्यायची आणि मला मशीनवरून ते दिसायचं. त्या हिवाळ्यात तिला एकदाही ताप आला नाही.

साफसफाईचं कंत्राट अर्थातच कुणाचं तरी होतं. ठेकेदाराचा माणूस कधीमधी उगवायचा. मालतीबाईंनी एकदा त्याला धरला आणि फैलावर घ्यायला सुरुवात केली. तो बिचारा खाली मान घालून ऐकत राहिला. त्याच्या हातात खराटा होता आणि बाकी काही नव्हतं. मोजे नाहीत, बूट नाहीत, आणि असली सगळ्या भागातली ठिकाणं त्याच्या एकट्याच्या गळ्यात. मालतीबाईंची नजर त्याच्या उघड्या हातांवर गेली आणि त्या मधेच थांबल्या. दुसऱ्या दिवशी त्याच्यासाठी मोजे आणि बूट आणले. त्यानंतरच्या शिव्या ठेकेदाराला, ऑफिसात जाऊन, तोंडावर.

आता आमच्या सख्यांची गोष्ट. चैत्रातलं हळदीकुंकू होतं, हॉलमध्ये. प्रत्येकीने काहीतरी करून आणायचं. मालतीबाईंनी कैरी घालून वाटली डाळ आणली होती, वर ओलं खोबरं, कोथिंबीर, हिंगाची फोडणी. इतक्या स्वच्छ हातांनी केलेला पदार्थ त्या हॉलमध्ये दुसरा नव्हता, हे मी छातीठोकपणे सांगते. पण हिचा उपास निघाला, तिचं पित्त उसळलं, तिसरीला डाळ वातूळ. एकीने घेतली आणि हळूच कुंडीत ओतली. कुजबुज मला ऐकू येत होती, "रोज तिथे हात घालते, बाई." ज्या हातांनी दुसऱ्याची घाण धुतली ते हात यांना घाण, आणि भिंतीवर पिचकारी मारणारा नवरा यांच्या शेजारी ताटाला ताट लावून जेवतो तो चालतो. मला त्या दिवशी तिथल्या पन्ह्याचा घोटही गिळवेना.

मालतीबाईंनी बघितलं. त्यांना कळलं नसेल असं मुळीच नाही. डबा झाकला, सगळ्यांना कुंकू लावलं, आणि हॉलमधून थेट मंडईत आल्या. बायका टोपल्या आवरत होत्या. डबा शेवंताबाईसमोर ठेवून म्हणाल्या, "जास्त झाली आहे. संपवा." बायकांनी बोटांनी पुसून डबा लख्ख केला. मालतीबाईंनी तो परत घेताना दोन बोटांत धरला, कारण सगळ्यांची बोटं लागली होती. तोंडावर तीच नेहमीची किळस. पण उभ्या मात्र शेवटपर्यंत राहिल्या.

मग उगवले भाऊ. प्रत्येक चौकात फ्लेक्सवर ज्यांचा फोटो आणि खाली 'भावी नगरसेवक' असतं त्यांतले एक. कुणीतरी मालतीबाईंचा व्हिडिओ काढून सगळीकडे पाठवला होता, तो भाऊंच्या फोनपर्यंत पोचला. भाऊ गाडीतून उतरले, मालतीबाईंच्या पायाशी वाकले, त्या दोन पावलं मागे सरकल्या. भाऊंनी जाहीर केलं की या माउलीचे कष्ट आपल्याला बघवत नाहीत, आपण हे स्वच्छतागृह नवीन करून देणार. मला, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

काम झालं. टाइल्स बसल्या, बाहेरून गुलाबी रंग दिला, भिंतीवर भाऊंचा फोटो आला, त्याच्या शेजारी जरा लहान मालतीबाईंचा. आणि दाराला कुलूप. का, तर उद्घाटन व्हायचं होतं. उद्घाटनाला मोठे पाहुणे येणार होते आणि त्यांची तारीख मिळत नव्हती. तोवर कुणी वापरलं तर घाण होईल! पोरीला नवं लुगडं घ्यायचं आणि पाहुणे येईपर्यंत तिला उघडी ठेवायची, त्यातली गत. तारीख पुढे गेली, परत पुढे गेली. मालतीबाई भाऊंच्या ऑफिसात खेटे घालत होत्या. तिथली पोरं त्यांना चहा द्यायची, त्या प्यायच्या नाहीत, आणि पोरं सांगायची, "काकू, थोडं ॲडजस्ट करा ना, मोठा प्रोग्रॅम होणारे, तुमचा पण सत्कार आहे."

शेवंताबाईची हिरवी बाटली टोपलीतून गेली. मी बघत होते. ऐन उन्हाळ्यात ती परत ओठ ओले करायला लागली आणि व्हायचं तेच झालं. एके दिवशी मेथीच्या जुड्या बांधता बांधता आडवी झाली. तिला दवाखान्यात ठेवलं. डॉक्टरांनी तिच्या मुलाला सांगितलं, एक मूत्रपिंड आधीच कुरकुर करतंय, आता पुन्हा हयगय नको, मंडईत बसणं बंदच करा. मुलाने लगेच मान हलवली, सुनेने त्याच्याआधी.

हे कळलं तेव्हा मालतीबाई माझ्या स्टुलावर बसल्या होत्या, रुमाल न घालता. मग उठून मंडईत गेल्या आणि बायकांना म्हणाल्या, "उद्यापासून माझ्या घरी यायचं. तळमजला. दार उघडं असेल."

ज्या घरात सख्ख्या भावाला जाऊ दिलं नव्हतं त्या घरात! मी त्यांची साडी द्यायच्या निमित्ताने मुद्दाम बघायला गेले. दारात मालतीबाई उभ्या, जबडा घट्ट, नाकपुड्या आकसलेल्या, जणू दाताचा डॉक्टर समोर उभा आहे. "चपला बाहेर. पाय धुवा. उजवीकडे." आत गेलेली बाई बाहेर आली की "झालं?" आणि ती गेली की ब्रश घेऊन स्वतः आत. दिवसभर हेच. शेवंताबाई दवाखान्यातून सुटून मुलाशी भांडून परत मंडईत आली तेव्हा सगळ्यात आधी तिला मालतीबाईंनी घरी नेलं आणि निघताना हातात बाटली भरून दिली.

सोसायटीत गहजब झाला. सेक्रेटरी दोन सभासदांना घेऊन आले. बाजारातल्या बायका आवारात येतात, सुरक्षिततेचा प्रश्न आहे, रहिवाशांच्या भावना आहेत. मालतीबाईंनी नेहमीप्रमाणे सगळं ऐकून घेतलं. "झालं?" म्हणून विचारलं. मग म्हणाल्या, "यांच्या हातची मेथी तुमच्या फ्रिजमध्ये चालते. माझ्या संडासात कोण जातं यावर सभा घ्यायची असेल तर घ्या. इतिवृत्तात मात्र नीट लिहून ठेवा." सभा झाली नाही. असल्या विषयाचं इतिवृत्त कोण लिहिणार?

शेवटी मोठ्या पाहुण्यांना एकदाची सवड मिळाली. मंडईसमोर मंडप पडला, फुलांच्या माळा लागल्या, लाउडस्पीकर सकाळपासून माझं डोकं उठवत होता. मालतीबाईंना पहिल्या रांगेत खुर्ची. त्यांनी ती पुसून घेतली. पाहुणे आले, फीत कापली, दार न उघडताच फोटो काढले आणि पुढच्या कार्यक्रमाला निघून गेले. मग भाऊंनी भाषण केलं. 'या माउलीने मैला उपसला, आईची माया दिली', असलं बरंच काही. मालतीबाईंच्या तोंडाकडे बघून मला वाटलं, आता या इथेच ओकतात. शाल, नारळ, सन्मानचिन्ह झालं आणि दोन शब्द बोला म्हणून माइक त्यांच्या हातात दिला.

"हेच काम ज्यांच्या आयांनी आणि आज्यांनी जन्मभर केलं," मालतीबाई म्हणाल्या, "त्यांना कुणी नारळ दिला नाही. मी केलं तर मंडप. याची मला किळस येते."

कुणी टाळी वाजवू की नको अशा विचारात असतानाच त्या पुढे म्हणाल्या, "आणि मला लघवीला लागली आहे. कुलपाची किल्ली आणा."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. भाऊ त्यांच्या कानाशी लागले, बहुतेक ऑफिसातल्या बाथरूममध्ये चला असं सांगत होते. मालतीबाईंनी उत्तर माइकमधूनच दिलं. "तुमच्या ऑफिसात कशाला? समोर नवीन बांधलंय. ते काय नुसतं बघायला आहे?" किल्ली कुठे आहे ते कुणालाच माहीत नव्हतं. ती एका कार्यकर्त्याच्या खिशात होती आणि तो पाहुण्यांच्या गाड्यांमागे गेला होता. "मी थांबते," मालतीबाई म्हणाल्या आणि माइक हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. शाल एका खांद्यावरून घसरलेली. मंडईतल्या बायका एकेक करून टोपल्यांमागून उठल्या आणि मंडपाच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या. भाऊ घाम पुसत फोनवर ओरडत होते.

किल्ली आली. मालतीबाईंनी शाल खुर्चीवर ठेवली, खाली उतरल्या, स्वतः कुलूप काढलं, दार ढकललं आणि मागे वळून म्हणाल्या, "शेवंताबाई, आधी आपण." शेवंताबाई आत गेली आणि लगेच आतून ओरडली, "बाई, नळाला पानीच न्हाई!" टाइल्स चकचकीत होत्या, नळ चकचकीत होते, पाण्याची लाइन जोडायची राहून गेली होती. मी दुकानात जाऊन पाइप लावला. मालतीबाईंनी ते कुलूप आणि किल्ली रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकली. ती नंतर कुणाला परत मिळाली नाही, आणि मागायची छाती कुणाची झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत रेनकोट, गमबूट, ब्रश. काही बदललं नाही. झालं ते एवढंच की शेवंताबाई अजून मंडईत बसते आणि तिची हिरवी बाटली तिच्याजवळ असते. त्या ग्रुपवरच्या गुलाबाला हे कळवायला हवं, पण त्याला काय कळणार म्हणा.

पुढे मालतीबाई आपल्याच इमारतीच्या पायरीवरून घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. स्वच्छतागृहाच्या पाळ्या मंडईतल्या बायकांनी वाटून घेतल्या, तोंडं वाकडी करत, पण घेतल्या. रेनकोट शेवंताबाईकडे गेला, तो तिला पार घोट्यापर्यंत येतो. नंतर मालतीबाईंना लेकीने वारज्याला नेलं आणि तिथेच वर्षभराने त्या गेल्या. तिकडे माझं जाणं झालं नाही. मला त्या शेवटच्या दिसल्या त्या इथल्याच घरात, ऑपरेशननंतर.

त्यांची लेक दुकानात आली होती, रडवेली. आई पाणीच पीत नाही म्हणाली. पाणी प्यायलं की पलंगावर भांडं घ्यावं लागतं, ते दुसऱ्या कुणीतरी उचलावं लागतं, म्हणून नुसते ओठ ओले करते. नर्स ठेवली तिला हाकलून दिलं. ताप यायला लागलाय. डॉक्टर म्हणतात, या वयात हे जिवावर बेतेल. मी मशीन बंद केलं आणि समोर जाऊन शेवंताबाईला सांगितलं. तिने जुड्यांवर ओलं फडकं टाकलं, माझ्या नळावर हातपाय धुतले आणि आपली बाटली घेऊन निघाली. मी मागोमाग.

तिने चपला बाहेर काढल्या. दारातल्या बादलीतलं पाणी घेऊन परत एकदा पाय धुतले. मालतीबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या, इतक्या बारीक झालेल्या की पांघरुणात कुणी आहे असं वाटू नये. शेवंताबाई त्यांच्या उशाशी जाऊन म्हणाली, "पानी का पीत न्हाई, बाई?"

"दुसऱ्याने माझं काढायचं?" मालतीबाई भिंतीलाच म्हणाल्या. "शी. मला किळस येते."

"मला बी येती," शेवंताबाई म्हणाली. "म्हनून तर आले."

मालतीबाईंनी मान वळवून तिच्याकडे बघितलं. शेवंताबाईने टेबलावरचं त्यांचं फुलपात्र घेतलं, पदराला न पुसता नळाखाली विसळून आणलं, हिरव्या बाटलीतून त्यात पाणी ओतलं आणि मानेखाली हात घालून त्यांना उठवलं. बाटलीच्या तोंडाकडे बघून मालतीबाईंचं नाक आपसूक मुरडलं. मग त्यांनी डोळे मिटले आणि पाणी प्यायल्या. हनुवटीवरून एक ओघळ आला तो शेवंताबाईने पुसला.

"झालं?" शेवंताबाईने विचारलं.

"नाही," मालतीबाई म्हणाल्या. "अजून ओता."